घरात म्हैस, पण पोरीला दूध चालत नाही. कॅल्शियम कुठून द्यायचं?

रानपाखरू · ४ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. दारात एक म्हैस. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. वरचं दूध सुरू केलं तेव्हापासून तिच्या अंगावर गांधी उठायच्या, कधी उलटी व्हायची. उष्णता म्हणून झालं, दृष्ट काढून झाली, जंताचं औषध झालं. पुढे तीच दुधाला तोंड लावेना, म्हणून आम्हीही नाद सोडला. मागच्या तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल घेऊन शेजारी गेली, तिथे हातावर पेढा मिळाला. अर्ध्या तासात ओठ सुजले, श्वासाला घरघर लागली. मोटरसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेलं. त्या सगळ्या रस्त्यात मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत होते. नंतर तपासण्या झाल्या आणि दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निघाली. दूध, दही, ताक, लोणी, खवा सगळं बंद.

डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियमकडे लक्ष द्या," आणि एक सिरप लिहून दिलं. किती लागतं, कशातून मिळतं, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. सासूबाई रोज म्हशीची धार काढून आल्या की पोरीच्या मनगटाकडे बघतात. "दूध नाही तं हाडं कशी भरतीन हिची?" त्यांना काय उत्तर द्यावं मला कळत नाही.

डबाबंद बदामाचं दूध वगैरे आम्हाला परवडणारही नाही आणि इथे मिळणारही नाही. आठवडी बाजारात जे मिळतं आणि शेतात जे उगवतं, त्यात भागतं का? कोणी केलं असेल तर सांगा. आम्ही माळकरी आहोत, अंडी-मासे घरात नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा · ४ जानेवारी, रात्री ९:४०

ताई, पयले तं घाबरू नका. आमच्या घरी दोन म्हशी होत्या, पण दूध सारं डेअरीत जाये. आम्ही भावंडं कोरा चहा न भाकर खाऊन वाढलो. माह्या बापानं सत्तरी ओलांडली, अजून वखर धरते. त्यायच्या ताटात तिळाची नाही तं जवसाची चटणी रोज राहे, हे मले पक्कं आठवते.

कापूसकोंडा · ४ जानेवारी, रात्री १०:०५

शेळीचं दूध देऊन पाहिलं का? हलकं असतं, आमच्या भाचीला गाईचं पचत नव्हतं पण शेळीचं पचलं.

पोषणवाटा · ४ जानेवारी, रात्री १०:३१

कापूसकोंडा, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. मी आहारतज्ज्ञ आहे, माहेर वणीकडचं, सध्या नागपुरात काम करते.

दूध "न पचणं" आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. अशा माणसाला बरेचदा दही-ताक चालून जातं. तुमच्या भाचीचं कदाचित तिसरंच काही असेल. पण या लेकराचे ओठ सुजले, श्वास अडकला. ही प्रथिनाची ॲलर्जी. गाय, म्हैस, शेळी या तिघींच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकीचं सोसत नाही त्या बहुतेकांना दुसरीचंही सोसत नाही. तुपातसुद्धा प्रथिनाचा अंश राहू शकतो, त्यामुळे तुपाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

रानपाखरू ताई, कॅल्शियमच्या आधी एक विचारते. पुन्हा असा झटका आला तर काय करायचं, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय का? ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनबद्दल बोलणं झालंय का? नसेल तर पुढच्या खेपेला आधी हे विचारा. शाळेतल्या बाईंना सांगा. बिस्किटं, पाव, चॉकलेट यांच्या पुड्यावर बारीक अक्षरात दूध पावडर लिहिलेली असते, ती वाचायची सवय पोरीलाच लावा. तिसरीतली आहे, तिला वाचता येतं.

आता आकडे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलांना रोज ६५० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. १० ते १२ ला ८५०, आणि मोठ्या माणसाला १०००. म्हणजे तुमचं आजचं काम ६५० चं आहे. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिली दुधात साधारण १२० असतं. दोन पेले दुधाचं काम आपल्याला दुसऱ्या ताटातून करायचंय. होतं ते. उद्या सविस्तर लिहिते, आता घरचे झोपलेत.

कापूसकोंडा · ४ जानेवारी, रात्री १०:४४

मागे घेतला. ताई, मला फरक माहीत नव्हता. माफ करा.

पूर्णाकाठ · ५ जानेवारी, सकाळी ७:१५

पालक रोज द्या, आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे की पालकात भरपूर कॅल्शियम. आणि सोयाबीन! अख्खा विदर्भ सोयाबीन पिकवतो आणि पोतंच्या पोतं मोंढ्यात नेऊन ओततो, घरी चमचाभर ठेवत नाही. दोन मुठी भिजवून वाटून सोयादूध काढा, म्हशीला मागे टाकेल.

पोषणवाटा · ५ जानेवारी, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे.

पूर्णाकाठ, सोयाबीन घरात ठेवा हे अगदी मनातलं बोललात. पण दाण्यात कॅल्शियम असलं तरी घरी काढलेल्या सोयादुधात पाणीच जास्त. कपभरात पन्नासेक मिग्रॅ मिळालं तरी खूप. विकतच्या डब्यात वरून घातलेलं असतं म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो. शिवाय दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालून मगच सुरू करायचं.

पालकाची गोष्ट वाईट वाटेल अशी आहे. त्यात ऑक्झलेट इतकं असतं की ते कॅल्शियमला धरून ठेवतं. दुधातलं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास अंगी लागतं, पालकातलं शंभरातलं पाचेक. आंबटचुका आणि घोळ याच जातीचे. पालक खा, इतर गुणांसाठी खा, पण कॅल्शियमच्या वहीत तो लिहू नका.

त्याऐवजी मुळ्याचा पाला. बाजारात बाई मुळा तोलते आणि पाला तोडून बाजूला टाकते, तो टाकलेला पाला मुळ्याहून कितीतरी पटीने जास्त कॅल्शियमचा. मोहरीची पानं तशीच. आणि सगळ्यात वरती आपला मुंगणा, म्हणजे शेवगा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात मुंगण्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० च्या वर मिग्रॅ आहे. शेंगांत नव्हे हं, पाल्यात! आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला टाकतो. गोडनिंबात, म्हणजे कढीपत्त्यात, ६५० च्या आसपास, पण तो किती खाणार? चटणीत वाळवून घातला तर थोडा पोटात जातो, ताटाच्या कडेला काढून ठेवला तर शून्य.

नाचणीत साधारण ३६०. ज्वारीत तीसच्याही खाली. जवसात अडीचशे, कुळथात पावणेतीनशेच्या जवळ. सालीसकट तिळात हजाराच्या वर. पण तिळाच्या सालीतही ऑक्झलेट आहे, म्हणून कागदावरचा आकडा पूर्ण पदरात पडत नाही. साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ मात्र घेऊच नका, सालीबरोबर बहुतेक कॅल्शियम जातं. बाजारातले मळकट, खरबरीत तीळ असतात ना, ते घ्या. भाजायचे आणि वाटायचे. अख्खा तीळ न चावता गेला तर जसाच्या तसा बाहेर येतो.

मोर्शीकर · ५ जानेवारी, दुपारी ३:०२

एवढं सगळं कशाला? गव्हाच्या दाण्याएवढा चुना वरणात टाकून रोज द्यायचा. चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम. आमच्या आजीनं पानाबरोबर आयुष्यभर खाल्ला, नव्वदीत दात शाबूत होते. मोबाईलवर एका वैद्याचं भाषणच आहे त्यावर.

आशाताई_गाव · ५ जानेवारी, सायंकाळी ६:४८

मोर्शीकर भाऊ, हात जोडून सांगते, लेकराला चुना देऊ नका म्हणा.

मी गावात आशा म्हणून काम करते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका पोराने तंबाखूच्या खर्ऱ्यासाठी आणलेली चुन्याची पुडी दाबली, चुना डोळ्यात उडाला. बुबुळ भाजलं. चुना म्हणजे आग आहे. "गव्हाच्या दाण्याएवढा" म्हणतात, पण कोणाचा दाणा किती मोठा हे कोण मोजणार? रोज थोडा जास्त पडला तर आठ वर्षांच्या लेकराच्या तोंडाला, अन्ननळीला काय होईल? वर त्या पानवाल्या चुन्यात आणखी काय मिसळलंय, हे कोणालाच सांगता यायचं नाही.

मोर्शीकर · ५ जानेवारी, सायंकाळी ७:१०

ताई, पण चुन्यात कॅल्शियम असतं हे तर खरं ना? मग आजीचे दात?

पोषणवाटा · ५ जानेवारी, रात्री ९:००

असतं, ते खोटं नाही. पान खाणाऱ्यांच्या पोटात चुन्यातून कॅल्शियम जातं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात आणि मग दळतात, त्यानेही त्यांच्या पोळीत कॅल्शियम वाढतं. पण तिथे चुना धुवून टाकतात आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताला त्याचं माप बसलेलं आहे. आपल्याकडे चुन्याची सोबत तंबाखू आणि सुपारीशी. आजीचे दात टिकले याचा आनंद आहे, पण ज्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं त्यांच्या आज्या या धाग्यावर सांगायला नाहीत. लेकरासाठी माझं उत्तर नाही असंच राहील.

मोर्शीकर · ५ जानेवारी, रात्री ९:१६

बरं. तंबाखूचं म्हणणं पटलं. माझ्या काकांचं तोंड दोन बोटांवर उघडत नाही आता.

झाडीपट्टी · ५ जानेवारी, रात्री ९:३३

ताई माळकरी आहेत, त्यांच्यासाठी हे नाही, पण धागा बाकीचेही वाचतात म्हणून लिहितो. आमच्या भंडारा-गोंदियाकडे तलावच तलाव. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातले बारके मासे काट्यासकट तळून खातात, सुके झिंगे वांग्यात टाकतात. काट्यासकट खाल्लेल्या बारक्या माशात कॅल्शियम चांगलं. मोठा मासा खाऊन काटे काढून टाकले तर ते मिळत नाही. आमची आई लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजीही करायची, थंडीत. तिची आठवण आली की तोंडाला पाणी सुटते.

बेलोरा_बाजार · ५ जानेवारी, रात्री ९:५१

आमच्याकडे हाड मोडलं की पायाचा रस्सा. तिखट इतका की मोडलेला पाय घेऊन माणूस पाणी प्यायला पळते.

पोषणवाटा · ५ जानेवारी, रात्री १०:०२

हसले मनापासून. पण तेवढं सांगते, हाडं उकळल्याने त्यातलं कॅल्शियम पाण्यात फारच कमी उतरतं. रस्सा चवीसाठी प्या.

खारपाण · ६ जानेवारी, सकाळी ८:४०

अकोल्याकडून. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी उकळलं की गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला पांढरा थर बसतो, पितळी भांडं वर्षभरात दगड लागल्यासारखं होतं. तो थर म्हणजे कॅल्शियमच ना? आता घरोघरी आरओ आले. मग आपण पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकून गोळ्या विकत घेऊन राहिलो का?

पोषणवाटा · ६ जानेवारी, दुपारी १:४०

खारपाण, काही अंशी हो. जड पाण्यातून कॅल्शियम मिळतं आणि आरओ ते बरंचसं काढून टाकतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिग्रॅ ही मानकाची इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २०० पर्यंत चालवून घेतात. शंभरचं पाणी दोन लिटर प्यायलं तर दोनशे मिग्रॅ झाले, हे काही थोडं नव्हे. पण तुमच्या पट्ट्यात पाण्यात मीठही भरपूर. सोडियम जास्त गेलं की लघवीवाटे कॅल्शियम जास्त बाहेर पडतं. त्यामुळे खारं पाणी प्या असं मी सांगणार नाही. ज्यांचं पाणी गोड पण जड आहे, त्यांनी आरओ लावण्याआधी पाणी तपासून घ्यावं, एवढंच.

केळापूरवाला · ६ जानेवारी, दुपारी २:२५

पाणी तपासण्यावरून. रानपाखरू ताई, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या, म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या पांढरकवड्याकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. चंद्रपूरकडेही आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांची मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही. आमच्या भागात लोक याला वात म्हणत राहिले वर्षानुवर्षं. जेवणात कॅल्शियम कमी असलं की फ्लोराइडचा त्रास वाढतो. मर्यादा लिटरला १ मिग्रॅ, जास्तीत जास्त १.५. लेकरू दुधाविना आहे, तर तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्याच. ग्रामपंचायतीत विचारा, नमुना पाठवता येतो.

रानपाखरू · ६ जानेवारी, रात्री ८:१५

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. फ्लोराइडचं डोक्यातही नव्हतं. उद्याच ग्रामसेवकांना विचारते. झटक्याचं काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही, तेही विचारून येते.

सासूबाईंना मुंगण्याचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तं आमची माय करे. मुंगण्याचा पाला, त्यात तुरीची दाळ, लसणाची फोडणी. गरिबाची भाजी म्हणून आम्ही सोडली." मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "हरभऱ्याचा पालाही वाळवून ठेवत होतो वर्षाचा."

खुबा_आणि_काठी · ६ जानेवारी, रात्री ९:०५

ताईंच्या धाग्यावर माझ्या आईचं लिहू का? आई ६२ वर्षांची. न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला दूध आवडत नाही, आयुष्यात फक्त चहातलं. पडण्याच्या महिनाभर आधी रक्त तपासलं होतं, कॅल्शियम ९.१, "नॉर्मल" म्हणून रिपोर्ट घडी करून ठेवला. मग हाड का मोडलं?

पोषणवाटा · ६ जानेवारी, रात्री ९:५०

खूप वाईट वाटलं वाचून. याचं कारण असं, की शरीर रक्तातलं कॅल्शियम काही केल्या ८.५ ते १०.५ च्या आत ठेवतं. ताटातून आलं नाही तर हाडांतून काढतं. म्हणून रक्ताचा आकडा चांगला दिसतो आणि हाडं आतून रिकामी होत जातात. घरात धान्य संपत आलं तरी रोजचं जेवण वेळेवर होतं, कणगीत डोकावल्याशिवाय कळत नाही, तसं. हाडांची घनता बघायला डेक्साची वेगळी तपासणी असते. पाळी गेल्यानंतर हाडं वेगाने झिजतात, म्हणून त्या वयाच्या बायकांना रोज १२०० मिग्रॅ सांगितलं आहे. आईला आता डॉक्टरांनी औषध दिलंच असेल, ते सोडू देऊ नका.

आशाताई_गाव · ६ जानेवारी, रात्री १०:२०

गोळ्यांवरून मला बोलायचंच होतं. गरोदर बाईला सरकारकडून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत आणि पुढे सहा महिने, दिवसाला दोन, प्रत्येकीत ५०० मिग्रॅ. आणि किती घरांत त्या पत्र्याच्या डब्यात तशाच पडलेल्या सापडतात! खडू चघळल्यासारखं लागतं, शौचाला घट्ट होतं, म्हणून बायका सोडतात. काही जणी रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम गिळून मोकळ्या होतात. तसं केलं की लोह नीट शोषलं जात नाही. मी घराच्या दारामागे खडूने दोन खुणा करून देते, सकाळ-संध्याकाळ कॅल्शियम जेवणासोबत, लाल गोळी रात्री वेगळी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर.

ज्या घरात दूध विकायलाच असतं तिथल्या सुनेसाठी ती गोळी म्हणजे चैन नाही. सासवांनो, तुम्ही वाचत असाल तर सुनेला आठवण करा.

कापूसकोंडा · ७ जानेवारी, सकाळी ६:५०

एक शंका. आमच्या उन्हात मुतखडे फार. मला दोनदा झाला. कॅल्शियम कमी खा असं सांगणारे खूप भेटले. मग तीळ खायचे की नाही?

पोषणवाटा · ७ जानेवारी, दुपारी १:१५

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणून हा गैरसमज. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि बाहेर नेतं. ते कमी केलं तर उलट ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. त्यामुळे जेवणातलं कॅल्शियम तोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, मीठ कमी करायचं. पण तिळात ऑक्झलेटही आहे, तेव्हा तुम्ही तीळ मुठीने खाऊ नका, आणि गोळ्या मनाने घेऊ नका. खडा कशाचा होता ते तपासलं असेल तर तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

सातपुड्याची_सावली · ७ जानेवारी, सायंकाळी ५:३०

कॅल्शियम खाल्लं पण ड जीवनसत्त्व नसेल तर आतड्यात नीट शोषलं जात नाही. आपल्या विदर्भात उन्हाला काय तोटा, असं वाटतं. पण पोरं सकाळी सातला शाळेत आणि दुपारी घरात. कोवळं ऊन अंगाला छान लागतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण दुपारच्या आसपास जास्त येतात. साधी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे. जानेवारीत हे बारा-एकच्या सुमाराला. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ. मे महिन्यात मात्र हे करू नका, ४५ अंशात लेकरू आजारी पडेल.

रानपाखरू · १९ जानेवारी, रात्री ९:३०

पंधरा दिवसांचा हिशेब आणला आहे.

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्यावर ५० ग्रॅम तीळ मोजून घेतले आणि घरी आणून पोह्याच्या चमच्याने परत मोजले. सात चमचे भरले. म्हणजे एक चमचा सात ग्रॅम. संक्रांतीच्या आधीच तीळ पाच किलो घेऊन ठेवले, सालीसकटचे. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजते. पहिला तीळ तडकला की सराट्याने सारखं हलवायचं, नाहीतर एका बाजूने करपतात आणि चटणी कडू होते. पाट्यावर लसूण, मीठ, लाल तिखट घालून वाटली की तेल सुटून चटणी हाताला चिकटते. तशी वाटली की पोरगी बोट चाटते. कोरडी भरड राहिली तर ताटात सोडते.

आता रोजचं असं चाललंय. तिळाची चटणी दोन चमचे, साधारण १७०. नाचणी आमच्याकडे पिकत नाही, किराण्यातून आणली. नुसत्या नाचणीची भाकर थापताना फाटते, म्हणून दोन वाट्या ज्वारीला एक वाटी नाचणी. तिच्या पोटात दिवसाला चाळीसेक ग्रॅम नाचणी जाते, १४५ च्या आसपास. मुंगण्याचा पाला दाळीत मूठभर, सव्वाशे. राजगिऱ्याचा लाडू शाळेच्या डब्यात, चाळीस. जवसाची चटणी एक चमचा, वीस. वरण, भाजी, ज्वारी मिळून शंभर धरले. जवळपास ६०० होतात.

मुंगण्याची भाजी पहिल्या दिवशी तिने थुंकली. कडवट लागली. दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी केली, फक्त कोवळे शेंडे घेतले, देठ काढले, दाणेकूट घातला. खाल्ली. देठामुळेच कडू होते म्हणे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. इंजेक्शनचं समजावून सांगितलं, चिठ्ठी दिली. सिरप निम्मं करून चालू ठेवायला सांगितलं आणि वर्षाने पुन्हा ॲलर्जी तपासू म्हणाले, काही मुलांची मोठेपणी जाते. पाण्याचा नमुना पाठवला आहे.

पोषणवाटा · १९ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, मी क्लिनिकमध्ये महिनोन्‌महिने सांगूनही इतका नीट हिशेब कोणी आणत नाही. हे सहाशे सगळे सारखे अंगी लागणार नाहीत, म्हणून निम्मं सिरप ठेवलं ते योग्यच. सिरप आणि तिळाची चटणी एकाच जेवणात देऊ नका, वेगवेगळ्या वेळी थोडं थोडं गेलं तर जास्त शोषलं जातं. ज्वारीचं पीठ रात्री आंबवून आंबील केली तर धान्यातलं फायटेट कमी होतं, तेही कॅल्शियम अडवतं. ताकाशिवाय आंबील होते, चिंचेचं पाणी घाला. आणि मुळ्याचा पाला विसरू नका.

वऱ्हाडी_ठेचा · १९ जानेवारी, रात्री १०:१८

माह्या बायकोनं हा धागा वाचला न आज माह्या ताटातला पालक काढून मुळ्याचा पाला टाकला. पोषणवाटा ताई, तुमच्यामुळं माह्यं हे झालं, पण भाजी झकास होती!

रानपाखरू · ९ जून, रात्री ८:४०

धागा वर काढते आहे. पाण्याचा रिपोर्ट आला, फ्लोराइड ०.८, मर्यादेत आहे. केळापूरवाला दादा, तुमचे आभार. वजन दीड किलोने वाढलं. शाळेत उंची मोजली तर वर्गात मधल्या रांगेत आली आहे. सासूबाई आता मनगट बघत नाहीत, डब्यात लाडू आहे का ते बघतात.

एक अडचण. मुंगण्याचं झाड शेजाऱ्यांचं. उन्हाळ्यात त्यांनी छाटलं, दोन महिने पाला मिळाला नाही. थंडीत सावलीत खाटेवर लुगडं पसरून वाळवलेला पाला होता, तो पुरवून पुरवून वापरला, तोही संपला. आता आमच्याच धुऱ्यावर लावायचं आहे. बी लावू की फांदी?

झाडीपट्टी · ९ जून, रात्री ९:०२

फांदी लावा. बियाचं झाड यायला वेळ लागते. मनगटाएवढी जाड, कमरेएवढी लांब. कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत टेकवून ठेवा, चीक वाळू द्या. मग हातभर खड्डा करून उभी लावा. पहिला पाऊस जमिनीत मुरला की लावा, चिखलात लावू नका, पाणी साचलं तर सडते.

खारपाण · ९ जून, रात्री ९:१५

आणि दरवर्षी शेंडा छाटत राहा ताई, नाहीतर झाड ताडासारखं वर जाते आणि पाला शिडीवरून काढावा लागतो. छातीच्या उंचीवर ठेवलं तर पोरगी स्वतः तोडून आणेल.

रानपाखरू · ९ जून, रात्री ९:२०

शेजारी उद्याच फांद्या देतो म्हणाले. तीन लावते, एक मेली तरी दोन राहतील.